सात नंबरचं दुसरं बटण

चिखली,
शनिवार, दुपार

प्रिय आणि महाहट्टी प्रज्वल,

तू म्हणशील, अक्काला वेड लागलं, दर रविवारी फोनवर बोलतो तरी कागद खरडत बसली. लागू दे. फोनवर तू "जेवलीस का, पोरगी कशी आहे, ठेवू का" एवढं दोन मिनिटांत उरकतोस आणि त्यातलं निम्मं तुझ्या मागच्या धडधडीत वाहून जातं. मला सलग बोलायचंय, आणि मधेमधे "हो गं, बरं गं" करून तू मला तोडायला नकोस. म्हणून स्वरूपाच्या शाळेच्या वहीतली पानं फाडून घेतलीत. तिनं विचारलं, कुणाला लिहितेस? म्हटलं, मामाला. तर म्हणते कशी, मामाला वाचता येतं का? भाचीच्या नजरेत तुझी ही पत आहे, ऐकून ठेव. उद्या तुझ्या दाजींना त्यांच्या शेठच्या कामासाठी तुझ्याकडच्या शिक्रापूर रस्त्याला यायचंय. त्यांच्याबरोबर हे पाकीट, तुझा राखाडी स्वेटर आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पाठवते. पाकीट चिकटवलंय. आत काय आहे ते त्यांना माहीत नाही, त्यांना काही विचारत बसू नकोस. आणि लाडू आधी खा. वाचल्यावर खाशील की नाही, याची मला खात्री नाही.

इकडे थंडी बरी पडली आहे. गल्लीतल्या शेडमधले हातोडे सकाळी आठला सुरू होतात ते तसेच आहेत, फक्त थंडीत त्यांचा आवाज जास्त कोरडा येतो. माझं तळवड्याचं काम चालू आहे. आता मला वायरिंगच्या टेस्टिंगला बसवलंय. वायर जोडून झाली की माझ्यासमोर येते, हिरवा दिवा लागला तर पुढे, लाल लागला तर मागे. दिवसभर हेच. सगळ्या गोष्टी अशा दिव्यावर कळत्या तर काय पाहिजे होतं. बाकी घरात तुझी आठवण निघाली नाही असा दिवस जात नाही. दार वाजलं की स्वरूपा अजून "मामा" म्हणून पळते, आणि दारात पाण्याच्या बाटल्यांवाला असतो. तो बिचारा ओशाळतो. दिवाळीत तर मी फार त्रास करून घेतला. भाऊबीजेला येतो म्हणालास, मी ताट करून बसले, आणि संध्याकाळी तुझा मेसेज आला की नव्या ठिकाणी सुट्टी मिळत नाही. मग गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. बीजेचा चंद्र तो, नखाएवढा, त्याला समोरच्या इमारतीमागे जायची घाई. पाण्याच्या दोन टाक्यांच्या मधून कसाबसा दिसला. शेजारच्या बायकांनी विचारलं, भाऊ परदेशात असतो का? मी म्हटलं, नाही, तासाभरावर असतो.

तुला इथं मीच आणलं, हे मी विसरलेले नाही. तू पोलीस भरतीसाठी गावच्या पाझर तलावाला पहाटे फेऱ्या मारत होतास. छाती अर्ध्या सेंटिमीटरनं कमी भरली आणि तू आठ दिवस कुणाशी बोलला नाहीस, तेव्हा मीच आईला म्हटलं, पाठव त्याला माझ्याकडे सहा महिने. आई म्हणाली, "तुझ्या भरोशावर धाडते बघ, इजे. मला तेवढा एकच हाय." मी चिंचवड स्टेशनवर वाट बघत उभी, आणि तू पठ्ठ्या कासारवाडीलाच उतरलास. फोन बंद. दीड तासानं तू सापडलास, तर बाकावर ज्वारीच्या पोत्यावर हात ठेवून बसला होतास, आणि आईनं माझ्यासाठी दिलेले सगळे धपाटे संपवलेले. वर मलाच विचारलंस, अक्का, इतका वेळ कुठं होतीस? त्या सहा महिन्यांची आता पाच वर्षं झाली.

तुझ्या हातांची काळजी मला इथं आल्यावर लागली असं नाही. तू चार वर्षांचा होतास, मी तेरा-चौदाची. आई कामाला गेली की तू माझ्या कडेवर. वरच्या आळीत कडबा कापायचं यंत्र नवंनवं आलं होतं आणि तू त्या फिरत्या पात्यांकडे असा चाललास, जणू कुणी आत बोलावतंय. हाक मारायला वेळ नव्हता. मी केस धरून तुला मागे ओढलं. मूठभर केस हातात आले माझ्या. तू भोकाड पसरलंस, आई आल्यावर माझी तक्रार केलीस, आणि तिनं काही न विचारता मला दोन ठेवून दिल्या. तू दोन दिवस माझ्या हातून जेवला नाहीस. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं, कारण जेवत होतास ते तुझ्याच दोन हातांनी.

म्हणून तीन वर्षांपूर्वी तू चाकणच्या कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा ठोकायच्या मशीनवर लागलास तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले आणि मला ते गोड लागले नाहीत. आपल्या तळमजल्यावरचे आबाजी काका तू पाहिले आहेस. भोसरीच्या कुठल्याशा शेडमध्ये त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. माणूस विनोदी आहे, म्हणतात, "आता कुणाकडं बोट दाखवायची सोयच न्हाई राहिली." सगळे हसतात. पण मी एकदा त्यांच्याकडे लसूण मागायला गेले तेव्हा ते जेवायला बसले होते आणि ठकुबाई काकू त्यांना आमटी-भात कालवून देत होत्या. मला बघून काकांनी ताट पाठीमागे सारलं. तेव्हापासून तू रविवारी जेवायला आलास की मी आधी तुझे हात बघायचे. तुला ते कळलं होतं. दारातून आत येताच दोन्ही पंजे माझ्या तोंडासमोर नाचवायचास, "घे, मोजून घे, दहाच्या दहा." मी चिडायचे, पण मोजून घ्यायचे.

आणि मग खंडेनवमी. कंपनीनं त्या दिवशी घरच्यांना बोलावलं होतं. तू मला गेटवर घ्यायला आलास तो इस्त्रीचा शर्ट घालून, आणि कंपनी जणू तुझ्याच मालकीची असल्यासारखा पुढे पुढे चालत होतास. मशीनं धुऊन पुसून ठेवलेली, सगळ्यांना झेंडूच्या माळा, पुढे फोडलेला कोहळा, पेढ्यांची खोकी. तुझ्या मशीनवर पांढऱ्या रंगात सात हा आकडा. तुम्ही पोरं म्हणालात, आज ताईच्या हातून पूजा होऊ दे. मी काय, खूश. मशीनला हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. दोन बाजूंना दोन बटणं होती, एकाला कुंकू लावलं, दुसऱ्यालाही लावायला गेले, तर ते बटण दिसेचना. त्यावर लाकडाची पाचर ठोकलेली आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी करकचून गुंडाळलेली. त्या पाचरीलाही आधीच कुणीतरी कुंकू लावून झेंडूचं फूल खोचलं होतं. मला वाटलं, मशीनचाच भाग असेल. मीही चिमूटभर वाहिलं आणि हात जोडले. तुझा दोस्त ज्योतीराम, तुझ्या खोलीतला जोडीदार, त्यानं त्याच्या फोनवर आपला फोटो काढला, मशीनच्या एका बाजूला तू आणि दुसऱ्या बाजूला मी. लगेच तुझ्या आणि माझ्या फोनवर पाठवलाही.

मीच हौसेनं विचारलं, हे लाकूड कशाला? आणि ज्योतीरामनं साध्या मनानं समजावून सांगितलं. पत्रा आत ठेवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची, तेव्हाच वरचा भाग खाली आदळतो. म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. पण असं केलं तर तासाचा माल पुरा होत नाही. म्हणून एक बटण कायमचं दाबून ठेवायचं. एका हातानं बटण, दुसऱ्या हातानं पत्रा आत-बाहेर. "समद्याच मशीनला हाय ताई, सुपरवायझरच पाचर देतो," असं तो म्हणाला आणि तू त्याला कोपर मारलंस. ते मी पाहिलं. हातातला पेढा मी खाल्ला नाही, रुमालात बांधला. तीन वर्षं ज्या लाकडामुळे तुझा हात त्या जबड्यात जात होता, त्याची मी पूजा करून आले होते. अजून आठवलं की हात धुवावेसे वाटतात.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दसरा झाला, आठवडा गेला, आणि मोठ्या साहेबांनी तुला बोलावून टेबलावर एक फोटो टाकला. पाचर, कुंकू, फूल आणि वर सात नंबर. सगळ्या मशीनच्या पाचरी निघाल्या, पुन्हा पाचर बसूच नये म्हणून बटणांवर पोलादी टोप्या बसल्या, तासाचा आकडा खाली आला. हे सगळं चांगलं झालं. पण सुपरवायझर जागच्या जागी राहिला आणि पाचरी पोरांनीच मारल्या म्हणून ठेकेदारानं तीन पोरं काढली, त्यात तू पहिला. फोटो तू लगेच ओळखलास. ज्योतीरामनं काढलेला. तू खोलीवर गेलास, त्याची कॉलर धरलीस, आणि त्याच दिवशी गादी गुंडाळून निघालास. मला फोनवर म्हणालास, अक्का, जवळच्या माणसानंच केसानं गळा कापला. मी नुसतं हूं म्हटलं.

गेल्या रविवारी तू बोलता बोलता सांगून गेलास की नव्या शेडमध्ये बटणाची भानगडच नाही, पायानं पेडल दाबायचं, दोन्ही हात मोकळे. खुशीत सांगितलंस. मी फोन ठेवला आणि गॅसवरची भाजी करपेपर्यंत तिथंच उभी राहिले. तुझ्या डोळ्यांवर झोप असेल आणि पाय अर्धा क्षण आधी पडला तर? तिथं साहेब नाही, टोपी नाही, गेटवर तक्रारीच्या नंबराचा फलक नाही. या आठवड्यात टेस्टिंगला बसल्यावर माझ्या हातून दोनदा लाल दिव्याचा माल पुढे गेला. मला बोलणी बसली. बसू देत.

आणि परवा संध्याकाळी ज्योतीराम आला होता. चपला बाहेर काढून दारातच उभा राहिला, आत यायला तयार नव्हता. तुझी राहिलेली इस्त्री आणि चादर घेऊन आला होता, चादर धुऊन. म्हणाला, "अक्का, देवाशपथ, मी न्हाई केलं. फोटो माझ्या फोनातला हाय, पर पाठवला मी न्हाई. त्यो माझा फोनच घेत न्हाई." मग म्हणाला की त्याच्या लाइनीवर एक जागा रिकामी झाली आहे. टोप्यांच्या मशीनवर. ठेकेदार बदललाय, नवा माणूस बरा आहे, आणि ज्योतीरामनं तुझ्यासाठी शब्द टाकलाय. येत्या शुक्रवारपर्यंत ती जागा तो धरून ठेवील. ज्याला तू गल्लीत सगळ्यांदेखत नाही नाही ते बोललास, तो तुझी जागा धरून बसलाय. "तुमी तरी त्याला सांगा, तुमचं ऐकंल," असं म्हणाला. मी त्याला चहा दिला. चहाबरोबर खारी दिली. तो गेल्यावर कप धुतला. एवढ्या वेळात त्या पोराशी एक खरं वाक्य बोलायची माझी छाती झाली नाही. मी तुझी मोठी बहीण म्हणवते, तुला वळण लावल्याच्या बढाया मारते, आणि त्या दिवशी माझ्याइतकं भ्याड माणूस चिखलीत दुसरं नव्हतं.

प्रज्वल, फोटो मी पाठवला.

खंडेनवमीच्या दिवशी तू मला बसस्टॉपवर सोडायला आलास, तेव्हा मी म्हटलं होतं की साहेबाला सांगते. तू आधी हसलास, मग चिडलास, आणि मग लहानपणीसारखं माझा हात धरून आपल्या गळ्याला लावलास आणि म्हणालास, माझ्या गळ्याची शपथ घे, कुणाला सांगणार नाहीस. बस समोर येऊन थांबली होती, लोक ओरडत होते. मी घेतली. दोन दिवस पाळली. तिसऱ्या दिवशी डबा खायच्या सुट्टीत फोन उघडला, त्या फोटोतून आधी मला कापलं, मग तुला कापलं, आणि उरलेलं बटण कंपनीच्या गेटवर लिहिलेल्या नंबरवर पाठवून दिलं. नाव सांगायची गरज नाही असं तिथं लिहिलं होतं. वरचा सात आकडा मला दिसलाच नाही रे. कुंकवाकडे बघत होते मी. मला वाटलं, साहेब येतील, सगळ्यांच्या पाचरी काढतील आणि विषय संपेल. तुझ्या मनात माझ्यावर संशयही आला नाही, याचं कारण मला ठाऊक आहे. अक्का माझ्या गळ्याची शपथ मोडणार नाही, एवढा तुझा माझ्यावर भरवसा. त्या भरवशापायी ज्योतीरामची कॉलर धरली गेली, आणि तू पेडलवर जाऊन बसलास.

माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण पुन्हा वेळ आली तर पुन्हा मोडीन, फक्त तो आकडा नीट बघून कापीन. आधी ज्योतीरामला फोन कर आणि त्याची माफी माग. शुक्रवारच्या आत जा. माझ्याशी वर्षभर बोलू नकोस, पुढच्या भाऊबीजेलाही मला चंद्रच ओवाळायला लाव, मी तक्रार करणार नाही. पण एक कर. ज्याच्या गळ्याची शपथ मोडली त्याला ती लागते, असं आई म्हणते. मी दिवे बघून वायरी तपासणारी बाई, मला हे पटत नाही. पण दर रविवारी तुझा फोन येईपर्यंत मला ते पटतं. घातलेली शपथ ज्यानं घातली त्यालाच सोडता येते. दाजी उद्या तुझ्यासमोर उभे असतील तेव्हा त्यांच्या फोनवरून मला एक फोन लाव. दुसरं काही बोलू नकोस. शिवी घालून म्हण, रडून म्हण, कसंही म्हण, पण तुझ्या तोंडानं एकदा म्हण की सुटली. मग फोन ठेवलास तरी चालेल.

तू बोललास तरी आणि नाही बोललास तरी तुझीच,
अक्का